रविवारी येते

७ जानेवारी

ही वही माझ्या धाकट्या लेकीने औषधांच्या वेळा लिहून ठेवायला आणून दिली. औषधांच्या वेळा मला तोंडपाठ आहेत. जिने नोकरीभर अख्खी शाळा एका शिट्टीवर उभी-आडवी केली, तिला चार गोळ्या सांभाळायला वही कशाला हवी? पण कोरी वही घरात पडून राहिली की मला चैन पडत नाही, म्हणून लिहायला घेतली.

आज डॉक्टरांनी माझ्या पोटाची फिल्म दिव्यासमोर धरली आणि बराच वेळ फिल्मकडेच बघत राहिले. मी म्हटलं, "डॉक्टर, आडवळणं नकोत. मी पी.टी.ची बाई आहे, सरळ रेषेत सांगा."

ते म्हणाले, "पुढच्या हिवाळ्याचे बेत आत्ताच करू नका, बाई."

धाकटीला तिथेच रडू कोसळलं. मला रडू आलं नाही. मनात एवढंच आलं की राजेंना अजून भात लावता येत नाही.

९ जानेवारी

राजे म्हणजे माझा थोरला मुलगा. वहीला निदान ओळख तरी करून द्यावी.

चाळिशी उलटली, दाढीत पांढरे केस आले, पण मी त्यांना राजेच म्हणते, कारण थाट तसा आहे. आमटी भाताला चिकटलेली चालत नाही. शर्टाची मागची पट्टी कापून टाकावी लागते. शेजारी मिक्सर सुरू झाला की कानांवर हेडफोन. बोलणं मोजकं, एका वेळी दोन-तीन शब्द, आणि त्यातला एकही वाया घालवत नाहीत. ऑटिझम हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. तोवर हट्टी, वेडसर, आईने लाडावलेला, असे शब्द नातेवाइकांनी न मागता पुरवले होते. त्यांचे बाबा राजे पाळण्यात असल्यापासून आजारी होते आणि धाकटी पोटात असताना गेले. त्यामुळे जो काही लाड झाला तो मी एकटीनेच केला.

आता राजे त्यांच्यासारख्यांसाठी चालवलेल्या एका केंद्रात कामाला जातात. हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी आणि टॉवेल यांच्या घड्या घालायच्या. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. राजेंचा जोडीदार दिवसभर एकच चाल गुणगुणत असतो, म्हणून मी त्याला गाणारा म्हणते. दोघं चादरीची दोन-दोन टोकं धरून एकमेकांकडे चालत येतात, टोकं जुळवतात, परत मागे जातात. बघत राहावंसं वाटतं.

आमच्या दाराजवळ दोन खिळे आहेत. एकाखाली घराचं चित्र, दुसऱ्याखाली रस्त्याचं. पुठ्ठ्यावर चिकटवलेले आमचे दोघांचे फोटो, जो जिथे असेल तिथे टांगायचे. राजे लहान असताना मी केव्हाही नाहीशी होते या भीतीने रडून घर डोक्यावर घ्यायचे, तेव्हा काढलेली ही युक्ती. ती इतकी लागू पडली की एकदा मी बाहेरून आले आणि माझा फोटो रस्त्यावरच विसरले, तर राजे माझ्याशी बोलेचनात. हाका मारल्या, खांदा हलवला, उपयोग नाही. फोटो रस्त्यावर म्हणजे मी रस्त्यावर. हसून हसून माझी पुरेवाट झाली होती.

धाकटीच्या गावात एक वसतिगृह आहे. म्हणते, चांगलं आहे, स्वच्छ आहे. एका खोलीत सहा जण. राजेंना शेजारच्या घरातली शिंक सहन होत नाही. मी स्पष्ट सांगितलं, राजे याच घरात राहतील, याच खिडकीशी जेवतील. समोरच्या वहिनी लक्ष ठेवायला तयार आहेत, केंद्र आहे, तू महिन्यातून एकदा ये. ती म्हणाली, "आई, तुझ्याशिवाय त्याचा एक दिवस जात नाही."

जाईल. जात नसेल तर जायची सवय करू. सरावाने काय होत नाही?

११ जानेवारी

ठरलं. शाळेत आम्ही आगीची तालीम घ्यायचो. घंटा झाली की रांगा, रांगा झाल्या की मैदान. तशीच ही. मी नसण्याची तालीम घ्यायची. आधी एक दिवस, मग एक रात्र, मग वाढवत वाढवत न्यायचं. मी जाणार बहिणीकडे, ती दोन बसच्या अंतरावर राहते आणि तिला सोबत हवीच असते.

नियम एकच. परत यायची जी वेळ सांगितली ती चुकवायची नाही. रविवारी केंद्र बंद असतं, म्हणून परतीचा वार रविवार. काही झालं तरी रविवार म्हणजे रविवार.

शाळेच्या तालमीवरून आठवलं. एकदा प्रयोगशाळेत खरोखरच धूर झाला. घंटा वाजली, आणि पोरं हसत-खिदळत, एकमेकांच्या टोप्या उडवत निघाली. त्यांना वाटलं नेहमीचीच तालीम. नशीब, नुसताच धूर होता. मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आज आठवून हसू आलं.

१८ जानेवारी

पहिली तालीम पार पडली. सकाळी मी माझा फोटो रस्त्यावर लावला आणि म्हटलं, "राजे, सराव आहे. संध्याकाळी येते." नुसती बस फिरले, बागेत बसले, लोकांची कुत्री बघितली. संध्याकाळी आले तेव्हा राजे खिडकीशी. जेवले होते. मी करून ठेवलेलं होतं, पण स्वतः वाढून घेतलं, ताट धुतलं, स्वयंपाकघरातला दिवा घालवला. ओट्याशेजारच्या भिंतीवर मी एकेका कामाचं चित्र क्रमाने लावलं आहे, शेवटचं चित्र दिव्याचं.

भात शिकवायला घेतला आहे. आज तळाला करपला. राजेंनी करपलेला भाग मोठ्या गंभीरपणे माझ्या ताटात वाढला.

१५ फेब्रुवारी

एक रात्र झाली. वहिनी म्हणाल्या, "अहो, काही त्रास नाही. मी डोकावले तर माझ्याच तोंडावर दार लावलं त्यांनी." म्हणजे एकदम ठणठणीत.

भात जमला.

२२ मार्च

शुक्रवार ते रविवार. बहिणीकडे शनिवारी मला ताप भरला. पोटात कळा येत होत्या. बहीण म्हणाली, "अशा अंगाने निघालीस तर मी दाराला कुलूप लावीन. सोमवारी जा. तो काही पळून जात नाही."

मी म्हटलं, "ताई, तू शाळेत असताना पण असंच म्हणायचीस आणि आपली बस चुकायची."

बसमध्ये उभी राहायची ताकद नव्हती. एका मुलीने जागा दिली. जिना कसा चढले माझं मला माहीत. पण रविवारी, सांगितलेल्या वेळेला, माझा फोटो घराच्या खिळ्यावर होता. राजेंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "आई रविवारी," म्हणाले आणि रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकत बसले.

टेबलावर माझंही ताट मांडलेलं होतं. वहिनींकडून कळलं की तीनही दिवस, दोन्ही वेळा, दोन ताटं मांडली जात होती. एक वापरलं जायचं, दुसरं तसंच धुऊन ठेवलं जायचं. रीतभात म्हणतात ती अशी. मला बरं वाटलं.

१५ एप्रिल

आज विद्यापीठातून एक संशोधक मुलगी आली होती. वय झालेले आईबाप आणि त्यांची ऑटिझम असलेली मोठी मुलं, असा तिचा विषय. पाठीला बॅग, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बसायला सांगितलं तर जमिनीवर बसली. राजेंकडे थेट बघत नव्हती, शेजारी बघत बोलत होती. म्हणजे अभ्यास पक्का.

बोलता बोलता म्हणाली, "मेंदूची ठेवण निराळी आहे, आजी. मोडलेली नाही." राजेंना माझ्याच शाळेतून तिसरीत काढून टाकलं, तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत मला हे एक वाक्य हवं होतं. सापडलं नव्हतं. घरी येऊन भांडी आपटली होती.

तिने राजेंसमोर चेहऱ्यांची चित्रं मांडली. हसरा, रडका, रागावलेला, सरळ तोंडाचा. विचारलं, "आई घरी नसते तेव्हा यातला कोणता?" राजेंनी सरळ तोंडाचा उचलला. "भीती वाटते?" "नाही." "का नाही?" राजे म्हणाले, "आई रविवारी."

तिने लिहून घेतलं. म्हणाली, इतक्या घरांत गेले, पण वियोगाची इतकी उत्तम तयारी कुठे बघितली नाही. एका परिषदेत या तालमीबद्दल बोलायची तिला परवानगी हवी होती. मी आढेवेढे घेतल्यासारखं केलं आणि दिली. ती गेल्यावर उगाच शिट्टी काढून पुसून ठेवली.

१० मे

सबंध आठवडा झाला. सबंध आठवडा! राजेंनी एकदाही कपाळावर मूठ मारून घेतली नाही. आधी मी दळण आणायला गेले तरी मारून घ्यायचे. वहिनी म्हणाल्या, रविवारी सकाळपासून स्वारी खुशीत असते, तुमच्या सपाता दाराशी आणून ठेवते.

रात्री धाकटीला फोन केला आणि थोडी फुशारकी मारली. ती रडत म्हणाली, "आई, तू जिंकलीस."

खरं सांगायचं तर एक गोष्ट मनाला लागली. आठवडाभर मी नव्हते, आणि आल्यावर राजेंनी एकदा हात तरी धरावा? मी जिवंत असताना माझ्यावाचून काही अडत नाही हे बघायला मीच एवढी मरमर केली आणि आता मलाच वाईट वाटतंय. बाईमाणसाचं काही खरं नाही.

२ जून

फार दुखलं. गोळ्या वाढवल्या. डॉक्टरांनी आता हिवाळ्याचं नाव घेतलं नाही, पावसाळ्याचंही घेतलं नाही.

११ जून

गाणाऱ्याची आई गेली. झोपेतच. माझ्याहून लहान होती. केंद्राच्या दाराशी भेटायची तेव्हा आम्ही दोघी आपापल्या पोरांच्या तक्रारी सांगून हसायचो. मी तिला तालमीबद्दल सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "मला नाही बाई जमायचं. मी त्याला सोडून एक रात्र राहिले तर मीच आधी रडेन."

राजेंना सांगितलं, गाणाऱ्याची आई गेली. ते म्हणाले, "हं."

१५ जून

केंद्रातल्या ताईंनी बोलावून घेतलं. ताई म्हणजे केंद्र चालवणाऱ्या बाई, सहसा कुणाला बोलावत नाहीत. मला वाटलं राजेंनी काही फाडलं.

राजे कोपऱ्यात उभे होते, हातात मोठ्या चादरीची दोन टोकं. उरलेली चादर जमिनीवर लोळत होती. समोरची टोकं धरायला गाणारा येत नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि गुणगुणत नव्हता. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

ताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "त्याच्या मामाने त्याला सांगितलं होतं की आई गावाला गेलीये. लोक सांगतात तसं. ते आम्ही सांभाळलं असतं. पण शुक्रवारी तुमच्या मुलाने त्याला समजावलं."

"काय समजावलं?"

"म्हणाला, 'सराव असतो. रविवारी येते.' पुन्हा पुन्हा म्हणाला. त्याचा हात धरून म्हणाला. मी तुमच्या मुलाला कुणाचा हात धरताना कधी बघितलं नाही. काल रविवार होता. हा पोरगा सकाळपासून फाटकाच्या पायरीवर बसला. जेवायला उठेना. पाऊस आला तरी उठेना. मामाने शेवटी दोघांना बोलावून उचलून आत नेलं. आज इथे आला तो थेट तुमच्या मुलाला ढकलून दिलं आणि 'खोटं, खोटं' म्हणत बसला."

मी हसले. का हसले कोण जाणे. म्हटलं, "राजेंना वाटलं, आया अशाच असतात." आणि मग माझं हसू तोंडातच राहिलं.

घरी येताना बसमध्ये राजे म्हणाले, "त्याची आई उशीर."

१६ जून

आज काही लिहवत नाही.

१७ जून

लिहिते. लिहिलंच पाहिजे.

पाच महिने मी त्याला शिकवत होते ते मला वाटलं ते नव्हतं. मला वाटलं मी त्याला माझ्याशिवाय राहायला शिकवतेय. मी त्याला शिकवलं की आई जाते ती येण्यासाठीच जाते. एकदाही चुकवलं नाही मी. तापाने फणफणत आले, जिन्यात बसून बसून आले, पण रविवार चुकवला नाही. इतका पक्का धडा मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता. तो शांत होता कारण काळजीचं कारणच नव्हतं. ते दुसरं ताट रीतभात नव्हती. तो माझी वाट बघत होता.

मी गेल्यावर काय होईल ते आता मला डोळ्यांपुढे दिसतंय. तो फोटो रस्त्यावर लावेल. भात लावेल, दोन ताटं मांडेल. रविवारी सपाता दाराशी ठेवेल. मग पुढच्या रविवारी. त्याला कुणी उचलून आत न्यावं लागणार नाही, तो फार शहाणा आहे. तो नुसता दर रविवारी दाराकडे बघेल, आणि आई खोटं बोलली हे त्याच्या मनातसुद्धा येणार नाही. आई उशीर, एवढंच म्हणेल. म्हातारा होईपर्यंत म्हणेल.

धुराची घंटा झाली तेव्हा पोरं हसत चालली होती. मी हे याच वहीत लिहिलंय. लिहून हसलेय.

२० जून

धाकटी आली. दोघी दिवसभर भांडलो. हळू आवाजात, राजेंना त्रास होऊ नये म्हणून.

ती म्हणाली, "असू दे ना आई. वाट बघेल, बघू दे. वाट बघण्यात तो सुखी असेल तर तुझं काय बिघडलं? तू त्याला सांगून काय मिळवणार आहेस? तो मारून घेईल, जेवायचा नाही. तुझ्या उरलेल्या दिवसांची तू माती करशील. त्याच्याही."

तिचं चुकत नव्हतं. मला तेच हवं होतं, कुणी तरी असं सांगावं. मी तिला म्हटलं, "तू भिंतीकडे तोंड करून बसलेला तो पोरगा बघितला नाहीस."

"तो गाणारा वेगळा, दादा वेगळा."

"तो एक रविवार बसला. हा सगळे रविवार बसेल."

तिने बॅग आवरायला घेतली. मग म्हणाली, "मला त्या वेळी घरात थांबायचं नाही. मला बघवणार नाही." तिला मी संध्याकाळच्या बसने जाऊ दिलं. तिला दोन लहान मुलं आहेत.

२१ जून

आज सांगितलं.

सकाळी दाराशी त्याला घेऊन उभी राहिले. तालीम घेताना सांगायचे तशीच छोटी वाक्यं, फक्त शेवट बदलला. "राजे, आई आजारी आहे. आई मरणार आहे. मग आई परत येणार नाही."

तो म्हणाला, "रविवारी."

"रविवारी नाही."

"पुढच्या रविवारी."

"नाही राजे. कुठल्याच रविवारी नाही."

त्याने माझा फोटो घराच्या खिळ्यावरून काढला. रस्त्याच्या खिळ्यापाशी नेला. थांबला. परत घराच्या खिळ्यापाशी आणला. मग फोटो हातात धरून माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुठे लावू?"

शाळेत सगळ्यांना सगळ्याची जागा दाखवून देणारी बाई मी, माझ्यापाशी या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "माहीत नाही, बाळा."

मग त्याने कपाळावर मूठ मारली. मारतच राहिला. मी मध्ये उशी धरली, उशी नसेल तिथे माझा हात धरला. वहिनी धावत आल्या तर मी त्यांना हातानेच थांबवलं. तो ओरडत नव्हता. एकच म्हणत होता, "कुठे लावू, कुठे लावू."

आठवडाभरात एकदाही मारून घेतलं नाही म्हणून मी फोन करून मिरवलं होतं. आज पहिल्यांदा त्याला कळलं, आणि तालमी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने मारून घेतलं.

२३ जून

माझ्या हातावर निळे वळ. त्याच्या कपाळाला टेंगूळ. तो केंद्रात गेला नाही, भात लावला नाही, हवामान ऐकलं नाही. माझा फोटो शर्टाच्या खिशात ठेवून झोपतो.

संशोधक मुलीचा फोन आला. परिषदेत सगळ्यांना तालीम फार आवडली म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, मी त्याला विचारायला हवं होतं की रविवारी काय होतं." मी म्हटलं, "मी रोज त्याच्यासमोर जेवत होते, मी तरी कुठे विचारलं?"

२८ जून

आज तोच आला माझ्याकडे. मी पडून होते. म्हणाला, "बाबा."

"काय बाबा?"

"बाबा रविवारी येत नाहीत."

मी उठून बसले. म्हटलं, "नाही येत."

"बाबा कपाटात."

त्याच्या बाबांचा एक फोटो माझ्या कपाटात वरच्या फळीवर असतो, चौकटीत, कपड्यांच्या मागे. त्याला मी तो कधी मुद्दाम दाखवला नव्हता. घड्या केलेले कपडे तोच ठेवतो, तेव्हा बघितला असणार; धाकटी कधी तो काढून बघते, तिला 'बाबा' म्हणताना ऐकलं असणार. इतकी वर्षं बघत असणार. बाबा ना घरी, ना रस्त्यावर. बाबा कपाटात. जी जागा मला सापडली नाही ती त्याने शोधून आणली होती आणि मला विचारायला आला होता.

"आई कपाटात?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "हो राजे. आई कपाटात."

"बाबांजवळ?"

"बाबांजवळ."

तो म्हणाला, "हं." खिशातला माझा फोटो परत घराच्या खिळ्यावर लावला आणि भात लावायला गेला. मी भिंतीकडे तोंड करून खूप रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

२ जुलै

केंद्रातल्या ताईंचा फोन. म्हणाल्या, तुमचा मुलगा आज आला तो सरळ गाणाऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "रविवारी नाही." मग जरा वेळाने म्हणाला, "कपाटात ठेव." गाणाऱ्याला काय कळलं देव जाणे, पण खिशातून त्याने आईचा एक चुरगळलेला फोटो काढून दाखवला. राजेंनी तो टेबलावर ठेवून हाताने सपाट केला, काठ सरळ केले, परत दिला. दुपारी दोघांनी चादरी घेतल्या.

"गुणगुणतोय?" मी विचारलं.

"अजून नाही," ताई म्हणाल्या.

५ जुलै

आज शेवटची तालीम झाली. या खेपेला मी बहिणीकडे गेले नाही. माझ्याने आता जिना उतरवत नाही. मी स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि त्याला म्हटलं, "राजे, सराव. खरा." नेहमी निघताना 'येते' म्हणायचे, आज काहीच म्हटलं नाही.

त्याने माझा फोटो खिळ्यावरून काढला. कपाट उघडल्याचा आवाज आला, लावल्याचा आला. मग तो आत आला आणि मी त्या खोलीत नव्हते. फोटो जिथे, तिथे मी. ज्या गोष्टीवर मी एकदा पोट धरून हसले होते, तीच आज माझ्या कामाला आली.

त्याने तांदूळ मोजले, दोघांचे मोजले, थबकला, आणि अर्धे डब्यात परत ओतले. भात लावला. दोन ताटं काढली. दुसरं ताट हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला, त्याचा काठ अंगठ्याने पुसत. मग ते ताट फळीवर परत ठेवलं, पालथं. खिडकीकडे तोंड करून जेवला. भात चांगला झाला होता, वासावरून कळत होतं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आज बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली होती.

ताट धुतलं. ओटा पुसला. शेवटच्या चित्रापाशी आला, दिव्याच्या बटणावर हात ठेवला, आणि थांबला. असं थांबायचं कुठल्याही चित्रात नाही. खोलीकडे पाठ करून म्हणाला, "आई."

जन्मापासून त्याच्या एकाही हाकेला मी ओ दिली नाही असं झालं नाही. आज मी दिली नाही. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून ठेवले.

तो म्हणाला, "आई नाही." आणि दिवा घालवून बाहेर गेला. थोड्या वेळाने त्याच्या खोलीतून हवामानाचा अंदाज ऐकू यायला लागला.

जिन्यातल्या दिव्याचा उजेड खिडकीतून आत येतो, त्यात हे लिहितेय. भात उरला आहे, झाकून ठेवलाय, हात लांबवला तर पोचेल. पण झाकणाचा आवाज झाला असता आणि तो परत आला असता, म्हणून तशीच बसून राहिले.